आयर्विनला किती झालं? – कृष्णेचा पूर, अलमट्टी आणि दोन सरकारं

कृष्णाकाठची वांगी

जूनचा दुसरा आठवडा आला की आमच्याकडे आई तांदळाचा डबा माळ्यावर चढवायला सांगते. पाऊस पडो न पडो. आमच्या खालच्या खोलीच्या भिंतीवर पेन्सिलीच्या तीन रेघा आहेत. सगळ्यात खाली २००५ची, सगळ्यात वर २०१९ची, मध्ये २०२१ची. २०१९ची रेघ देवघराच्या कोनाड्याच्याही वर आहे. दोनदा रंग काढला, पण बाबांनी तेवढी पट्टी रंगाऱ्याला हात लावू दिली नाही.

सांगलीत ऑगस्टात कुणी कुणाला "काय म्हणता?" विचारत नाही. "आयर्विनला किती झालं?" विचारतात. बाहेरच्यांसाठी सांगतो: आयर्विन पुलाशी पाण्याची पातळी फुटात मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ला ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्याच पुरात पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली आणि नेसत्या कपड्यांनिशी निघालेली माणसं गेली. त्या आठवड्यात आम्ही मिरजेला मावशीकडे होतो. टीव्हीवर एकच वाद चालू होता, पूर खालच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे की अतिवृष्टीमुळे?

तेव्हापासून जमेल तेवढं वाचतोय. अलमट्टीने पूर येतो की नाही हा माझा प्रश्न नाही, त्यावर स्वतंत्र धागा आहे आणि तिथे डोकी फुटलेली आहेत. माझा प्रश्न साधा आहे. कृष्णेच्या *वाटपावर* दोन लवाद झाले. बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेने (शंभरातल्या ७५ वर्षांत) मिळणारं २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाटलं: महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र ८००, वर वापरून नदीत परत येणाऱ्या पाण्याचे थोडे. २०१०ला ब्रिजेशकुमार लवादाने आपले ६६६ केले, कर्नाटकाचे ९११, आंध्रचे १००१. सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे तो निवाडा राजपत्रात आलेला नाही, हे वेगळं. म्हणजे थेंबाथेंबाचा हिशोब झाला. मग पाणी *जास्त* झालं तर कुणी कुणाला किती वाजता कळवायचं, कुठला दरवाजा किती उचलायचा, हे पक्कं कुठे लिहिलंय? की अजूनही सगळं पालकमंत्र्यांच्या फोनवरच चालतं?

जाणकारांनी लिहावं. शिव्या देणाऱ्यांनी वरचा दुसरा धागा वापरावा.

---

पंचगंगा घाट

पैला नंबर! भावा, आमच्याकडं कोल्हापुरात पंचगंगेवर राजाराम बंधारा. ३९ इशारा, ४३ धोका. २०२१ला ५६ च्या वर. शिरोलीजवळ हायवे बंद, पुण्याचं दूध अडकलं. बाकी वाचून लिहितो.

---

स्पष्टवक्ता

अलमट्टीची उंची (समुद्रसपाटीपासून) ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करणार आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने भूसंपादनाचे दरसुद्धा ठरवले, बागायतीला एकरी ४० लाख. आणि तुम्ही इथे "किती वाजता फोन करायचा" विचारताय. साडेचार मीटर म्हणजे जवळजवळ दीड मजला आहे साहेब. फोन कसले करताय, कोर्टात जा.

---

कृष्णाकाठची वांगी

@स्पष्टवक्ता, कोर्टात गेलोच आहोत, १९६९पासून. म्हणून तर विचारतोय.

---

जुना शाखा अभियंता

मी जलसंपदा खात्यातून निवृत्त. जे हाताखालून गेलं तेवढंच लिहितो.

१. आधी एक गैरसमज. उंचीचा जुना दावा मुळात आंध्रने लावला होता. त्यांना वाटे, कर्नाटक पाणी अडवील आणि खाली येणार नाही. एप्रिल २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५१९.६० पर्यंत परवानगी दिली. त्या खटल्यात महाराष्ट्राने आपल्या हद्दीत बुडित येईल हा मुद्दा मांडला होता, पण सांगली-कोल्हापूरच्या घराघरांत अलमट्टी हा शब्द पोचला तो २००५ला. त्याआधी कितीजणांना ते धरण कुठे आहे हे माहीत होतं, स्वतःला विचारून बघा.

२. वडनेरे समितीने २०२०ला अहवाल दिला. २०१९च्या पुराला अलमट्टी-हिप्परगी जबाबदार नाहीत, कमी दिवसांत पडलेला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली अडवणूक ही मुख्य कारणं, असा त्याचा सारांश. तो इथे पटला नाही. पुढे शासनाने रूरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे अभ्यास दिला. माझं वैयक्तिक मत: धरणामागे तुंबलेल्या पाण्याचा फुगवटा हा काही टाकीच्या कडेसारखा आडवा नसतो. नदी वाहती असते तेव्हा पाण्याचा माथा वरच्या बाजूला चढत जातो. त्यात कृष्णा सांगलीच्या खाली फारच सपाट. म्हणून "अलमट्टीची पूर्ण पातळी सांगलीपेक्षा खाली आहे, मग प्रश्नच कुठे" हे उत्तर अर्धं आहे. आणि "सगळं अलमट्टीनेच केलं" हेही अर्धंच. अलमट्टीच्या वर हिप्परगी बॅरेज आहे, त्याची पूर्ण पातळी सुमारे ५२५ मीटर. म्हणजे तिथे आजच अलमट्टीच्या *वाढीव* उंचीएवढं पाणी उभं करता येतं. त्याच्या दरवाजांवर कुणी बोलत नाही, कारण नाव उच्चारायला अवघड.

३. आता तुमचा प्रश्न. पक्कं लिहिलेलं कुठे आहे? प्रत्येक धरणाचं स्वतःचं परिचालन वेळापत्रक असतं. कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची ते त्यात असतं. पण ते त्या धरणापुरतं. कोयना, वारणा, राधानगरी, हिप्परगी, अलमट्टी ही एकाच नळावरची तोंडं आहेत असं धरून केलेलं, दोन्ही राज्यांवर बंधनकारक असलेलं वेळापत्रक नाही. १९५६ला संसदेने दोन कायदे एकाच वर्षी केले. एक भांडण सोडवायचा, आंतरराज्य जलविवाद कायदा. दुसरा एकत्र काम करायचा, नदी मंडळ कायदा. पहिल्याखाली लवादांवर लवाद झाले. दुसऱ्याखाली आजवर एकही मंडळ झालेलं नाही. एकही. कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ आहे म्हणाल, तर ते २०१४च्या आंध्र पुनर्रचनेतून आलं, फक्त आंध्र आणि तेलंगणासाठी. आपण आणि कर्नाटक त्यात नाही.

४. प्रत्यक्षात काय चालायचं? २००५ला आम्ही रजिस्टर घेऊन बसलेलो. दर तासाला राजापूर बंधाऱ्याचा (शिरोळचा, महाराष्ट्राचा कृष्णेवरचा शेवटचा) विसर्ग घ्यायचा, पलीकडे कळवायचा. फोन लागायचा नाही. लागला तर तिकडचा माणूस कन्नडमधून बोलायचा, मी मराठीतून. पण आकडे दोघांनाही कळायचे. "ऐदु (पाच) लक्ष?" "हां, ऐदु." त्या माणसाला मी आयुष्यात पाहिलेलं नाही, आवाज मात्र आजही ओळखीन. आता ग्रुप आहेत, स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, कृष्णा-भीमा खोऱ्याची तात्कालिक माहिती यंत्रणा आहे. माहितीची अडचण पूर्वीइतकी नाही. अडचण ही आहे की माहिती मिळाल्यावर दरवाजा उचलायचा *अधिकार* कुणाचा. कार्यकारी अभियंता घाबरतो. आज धरण रिकामं केलं आणि पुढे पाऊसच नाही आला, तर ऑक्टोबरात त्याचीच चौकशी लागते. पूर आला तर निसर्ग, धरण भरलं नाही तर अभियंता.

---

मोगरा

"पूर आला तर निसर्ग, धरण भरलं नाही तर अभियंता." काका, हे फ्रेम करून लावा कुठल्यातरी कार्यालयात.

---

निपाणीकर

सीमेच्या या बाजूने लिहितो. घरी मराठी, शाळा कन्नड, पेपर दोन्ही वाचतो.

ऑगस्टात मराठी पेपर उघडला की "अलमट्टीतून विसर्ग वाढवा". कन्नड पेपर उघडला की "महाराष्ट्राने कोयनेतून पाणी सोडलं, बेळगाव जिल्ह्याला धोका". एकाच दिवशी. चिक्कोडी, अथणी, रायबाग, जमखंडी इथली गावंसुद्धा २०१९ला आठवडाभर पाण्यात होती. माझी आत्या अथणी तालुक्यात. तिच्या गोठ्यातल्या दोन म्हशी गेल्या. ती शिव्या कुणाला देते? कोयनेला. तुम्ही अलमट्टीला. खालचा वरच्याला, वरचा खालच्याला.

आणि बागलकोट कधी पाहिलंय का? जुन्या गावाचा बराच भाग अलमट्टीच्या पाण्याखाली गेला. तिथले लोक नवनगरात गेले. आता उंची वाढली तर आणखी वीस गावं आणि पाऊण लाख एकर जमीन जाणार म्हणतात. त्या शेतकऱ्यालाही विचारा, उंची हवी का. बेंगळुरूला हवी आहे, विजयपूरच्या कोरडवाहू पट्ट्याला हवी आहे. बागलकोटात मतं दोन्ही आहेत.

---

स्पष्टवक्ता

म्हणजे आता कर्नाटकाचं पण बरोबर?

---

निपाणीकर

म्हशी कुणाच्या बुडाल्या ते सांगितलं. बरोबर-चूक तुम्ही ठरवा.

---

डेल्फ्टवासी

मी नेदरलँड्समध्ये पाण्याच्याच क्षेत्रात काम करतो, मूळ इस्लामपूरचा. परदेशी उदाहरणाचा इथे काहींना कंटाळा आहे हे माहीत आहे, तरी लिहितो, कारण एक तारीख डोक्यातून जात नाही. जुलै २०२१च्या मध्याला मास नदीला पूर आला, आम्ही लिंबुर्खमधल्या सहकाऱ्यांसाठी रात्रभर आकडे बघत होतो. आठवड्याभराने, २२-२३ जुलैला, तेच मी घरच्यांसाठी करत होतो. आयर्विनचे.

राइन नदीचं बघा. ती स्वित्झर्लंड, फ्रान्स, जर्मनी करत शेवटी इथे येते. म्हणजे डच लोक शिरोळकर आहेत, सगळ्यात खालचे. १९५०ला बाझलमध्ये या देशांचा आयोग झाला, महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती फक्त. सुरुवातीला नुसत्या बैठका. १९८६ला बाझलजवळ एका रसायन गोदामाला आग लागली, विझवायचं पाणी विषासकट नदीत गेलं, शेकडो किलोमीटर मासे मेले. मग कामाला लागले. १९९३ आणि १९९५ला लागोपाठ पूर आले. ९५ला इथे अडीच लाख माणसं हलवावी लागली. १९९८ला पूर कृती आराखडा झाला, त्यात अंदाज जितके तास आधी मिळतो ती मुदत दुप्पट करायचं ठरलं.

मला त्यातली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. वरच्या राइनवर जर्मनी-फ्रान्सनी पुराचं पाणी *मुद्दाम* काठच्या जमिनीत घ्यायच्या जागा बांधल्या, १९८२च्या करारानुसार. म्हणजे वरच्याने स्वतःची जमीन बुडवायची, खालच्याचं शहर वाचवायला. आणि डचांनीही नायमेखनला बांध मागे घेतला, पन्नासेक घरं पाडली, नदीला जागा दिली. कुणीही "आधी त्यांनी करावं" म्हणत बसलं नाही. खरं तर बसले होते, तीस-चाळीस वर्षं. पण मग उठले.

लोबिथ नावाचं ठिकाण आहे, जिथे राइन या देशात शिरते. तिथल्या पातळीचा आकडा इथे सगळे बघतात. त्याच्या अंदाजासाठी जर्मन आणि डच एकमेकांना आकडे देतात. आपल्या राजापूर बंधाऱ्याला तो मान का मिळू नये?

---

पंचगंगा घाट

डच = शिरोळकर. कोपरापासून नमस्कार. पण भावा, तिकडं घर पाडलं की दुसरं घर मिळतं. हितं २००५ला पुनर्वसनाचे प्लॉट मिळाले ते लोकांनी विकले आन परत नदीकाठी आले. काय करणार, जमीन हितं, म्हशी हितं.

आन आमचं आमीच काय कमी केलंय व्हय? पूररेषेत बांधकाम, ओढे बुजवले, नव्या रस्त्यांचे भराव असे टाकले की पाणी धरणासारखं तटतंय. त्यात अलमट्टीचा काय संबंध?

---

कृष्णाकाठची वांगी

@पंचगंगा घाट, मान्य. आमच्या गल्लीतला नाला माझ्या लहानपणी नाला होता, आता तो पार्किंग आहे. त्यात आमचीही मोटारसायकल असते. लिहितानाच लाज वाटली.

@डेल्फ्टवासी, वरच्याने जमीन बुडवायची ही कल्पना इथे निवडणुकीत कोण मांडणार? जागतिक बँकेच्या मदतीने पुराचं पाणी वळवायचा तीन हजार कोटींच्या वरचा प्रकल्प आलाय, दुष्काळी भागाकडे न्यायचं म्हणतात. पण महापूर चार दिवसांचा आणि पंप किती? चार दिवसांत कृष्णेतून जे जातं त्यातलं किती उचललं जाईल, हे कुणी साध्या भागाकाराने समजावेल का?

---

जुना शाखा अभियंता

भागाकार सोपा आहे. एक लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) चोवीस तास वाहिलं की साधारण ८.६४ टीएमसी. २०१९ला अलमट्टीतून पाच लाखांच्या वर सोडत होते. म्हणजे एका दिवसात ४३ टीएमसी! आपली कोयना सगळी भरली तर १०५. पंप कितीही लावा, पुराच्या दिवशी पातळीत फार फरक पडणार नाही. पंपाचा उपयोग आधी आणि नंतर. धरणं आधी थोडी रिकामी ठेवायची, ते पाणी दुष्काळी तलावांत टाकायचं, मग पुराला जागा राहते. पण "आधी" म्हणजे जुलैत, आणि जुलैत धरण रिकामं ठेवा म्हटलं की पुन्हा तोच घाबरलेला अभियंता.

सांगलीकरांची मागणी असते की अलमट्टीची पातळी ऑगस्टात ५१७ मीटरच्या वर नेऊ नका. मागणी रास्त आहे. फक्त तीच मागणी विजयपूरच्या शेतकऱ्याने कोयनेबाबत केली तर आपण ऐकू का, हे मनाशी ठरवून मग करावी.

---

जतचा ज्वारीवाला

पुराच्या धाग्यावर दुष्काळवाला आलो, माफ करा. पण जिल्हा एकच आहे, सांगली. तुमच्याकडे ५७ फूट पाणी तेव्हा आमच्याकडे टँकर. विनोद नाही, खरं.

आमच्या तालुक्याच्या पूर्वेच्या गावांनी २०१२ला ठराव केले होते, पाणी देत नसाल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. २०२२ला तिकडच्या मुख्यमंत्र्यांनी तेच काढलं आणि टीव्हीवर आठवडाभर सीमाप्रश्न पेटला. त्या गोंधळात एक गोष्ट झाली ती कुणी नीट दाखवली नाही. कर्नाटकाची तुबची-बबलेश्वर उपसा योजना आमच्या शिवेपर्यंत आली आहे. त्यांनी पाणी सोडलं आणि आमच्या तिकोंडीच्या तलावात आलं. तलाव भरून वाहिला. पोरं पाहायला गेली, बायांनी ओटी भरली. डिसेंबरात भरलेला तलाव आम्ही कधी बघितलेला नव्हता. मुंबई-बेंगळुरूत भांडण चालू आणि आमच्याकडे पाण्याची पूजा चालू.

आता उलट बाजू. दर उन्हाळ्यात कृष्णा कोरडी पडली की कर्नाटक आपल्याकडे कोयना-वारणेचं पाणी मागतं, पिण्यासाठी. पूर्वी पैसे मोजायचं. २०१९च्या उन्हाळ्यात आपलं सरकार म्हणालं, पैसे नकोत, तेवढंच पाणी जत-अक्कलकोटला द्या. हिशोब सरळ आहे: कोयनेचं पाणी उताराने त्यांना जातं, एक पैशाची वीज लागत नाही. त्यांनी उचलून आणलेलं पाणी शिवेवरून उताराने आम्हाला येतं. आपण तेच आपल्या म्हैसाळ उपसा योजनेवरून आमच्यापर्यंत आणायचं म्हटलं तर टप्प्याटप्प्याने पंप आणि वीजबिल. तरी देवाणघेवाणीचा कायमचा करार का होत नाही? कारण करार झाला की दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना उन्हाळ्यात पत्रं लिहायचं काम उरणार नाही.

विस्तारित म्हैसाळचं काम चालू आहे, ६५ गावांसाठी. यायचं तेव्हा येईल.

---

मोगरा

बायांनी ओटी भरली हे वाचून गलबलून आलं. म्हणजे पाणी कर्नाटकाचं होतं आणि ओटी महाराष्ट्राच्या बाईने भरली.

---

दोडामार्ग एक्सप्रेस

एकत्र प्रकल्पाचं आमच्याकडचं उदाहरण देतो, तिलारी. धरण महाराष्ट्रात, पाणी बहुतांश गोव्याला, १९९०चा करार, खर्चात गोव्याचा वाटा सुमारे ७३ टक्के. चाललं का? चाललं. गोव्याच्या उत्तर भागाला नळाचं पाणी त्यावरच. पण कालवा फुटला की "दुरुस्ती कुणी करायची" यात दिवस जातात. आणि ज्यांची गावं धरणात गेली त्यांच्या पोरांना नोकऱ्या द्यायचा शब्द दोन राज्यांमध्ये वर्षानुवर्षं टोलवला गेला, शेवटी एकरकमी पैशांवर मिटवलं. करार हवाच. पण खर्चाचा वाटा दशांशापर्यंत लिहिला आणि माणसांचा वाटा मोघम ठेवला की काय होतं ते आमच्याकडे येऊन बघा.

पलीकडे म्हादई नदीवर २०१८ला लवादाचा निवाडा झाला आणि २०२३ला केंद्राने गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिन्ही राज्यांसाठी प्राधिकरण नेमलं. म्हणजे छोट्याशा म्हादईला तीन राज्यांची एक यंत्रणा मिळू शकते आणि एवढ्या मोठ्या कृष्णेला नाही!

---

जुना शाखा अभियंता

@दोडामार्ग, हा मुद्दा माझ्याही डोक्यात आला नव्हता. फरक इतकाच की तिथे निवाडा राजपत्रात आला, इथे अडकलाय. निवाडा अडकला तरी पुरासाठी वेगळी यंत्रणा करायला कुणाची हरकत आहे असं मला वाटत नाही. पुराच्या पाण्यावर कुणाचाच हक्काचा दावा नाही, सगळ्यांना ते पुढे ढकलायचंच असतं. जून २०२१मध्ये आपले तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन तिकडचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले होते, समन्वयाचं ठरलं, आणि महिन्याभरात पूर आला. पाऊस इतका होता की ५५ फुटांच्या आसपास गेलंच. पण माहिती २०१९पेक्षा लवकर फिरत होती, हे मी तेव्हा खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांकडून ऐकलं. ते दोन मंत्र्यांच्या भेटीवर अवलंबून राहिलं, कागदावर उतरलं नाही. मंत्री बदलले की पुन्हा पहिल्यापासून.

---

स्पष्टवक्ता

ठीक आहे. दर तासाचे आकडे, दोन्ही राज्यांचे, एकाच पानावर, मराठी आणि कन्नडमध्ये, सगळ्यांना दिसतील असे. एवढं जरी झालं तरी मी अर्धा गप्प बसेन.

---

निपाणीकर

अर्धाच?

---

स्पष्टवक्ता

उरलेला अर्धा उंचीवर बोलेल.

---

डेल्फ्टवासी

मी तसं पान करायला मदत करू शकतो, आकडे उघडे असतील तर. राजापूर, हिप्परगी, अलमट्टी, कोयनेचं पायथा वीजगृह, वारणा, राधानगरी. कन्नड कोण बघेल?

---

निपाणीकर

मी. आत्यालाही वाचता यायला हवं, म्हणजे अक्षर मोठं ठेवा.

---

कृष्णाकाठची वांगी

मी सगळं वाचून आईला सांगितलं. ती म्हणाली, ते पान होईल तेव्हा होईल, डबा वर चढव.

@अभियंता काका, एकच शेवटचं. राजापूरचे बरगे (बंधाऱ्यात पाणी अडवणाऱ्या फळ्या) निघाले का यंदा? घाटावर कुणी सांगेना.

---

जुना शाखा अभियंता

परवा निघाले. मी स्वतः जाऊन बघून आलो, सवय जात नाही. आयर्विनला सध्या पाणी पात्रातच आहे. डबा मात्र चढवा.